जा, थांबा, एकोणऐंशी

जर्मनीत एर्लांगेनला राहायला गेल्यावर मला माझी उंची नव्याने कळली. पुण्यातही मी बुटकीच होते, पण तिथे सोबतीला बाकीच्या बुटक्या होत्या. इथे बाथरूमच्या आरशात मला फक्त माझा भांग दिसायचा. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट नवऱ्याच्या मालकीचं होतं, कारण त्यात काय आहे हे त्यालाच दिसायचं. आणि दुकानातली सगळ्यात आखूड म्हणून घेतलेली काळी पँट माझे पाय संपल्यावरही चालूच राहायची. ती सायकलच्या चेनमध्ये अडकायची, म्हणून उजव्या पायाला कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावून मी जर्मनच्या क्लासला जायचे.

नवरा तिथल्या मोठ्या इलेक्ट्रिकल कंपनीत होता. तो सकाळी सायकलवर टांग मारून निघाला की दिवसभर घरात मी आणि फ्रिज. फ्रिज अधूनमधून घरघरायचा आणि मला कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं. मग थंडीच्या तोंडावर सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आणि घरात आवाज सुरू झाला. त्या साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कुकरला शिट्टी यायला उशीर झाला तर कुकरला रागवायच्या. खिडकीतून समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला नावं ठेवायच्या. माझ्याशीही खूप बोलायच्या. मी हो, नाही, चालेल एवढंच म्हणायचे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. माझं मराठी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ठीक चालायचं. त्यापुढे काही मनातलं सांगायचं झालं की ते इंग्लिशमध्येच तयार होऊन यायचं, आणि सासूबाईंशी मनातलं इंग्लिशमध्ये कसं बोलणार? म्हणून मी गप्प बसायचे. पण त्या पलीकडच्या खोलीत बोलत असल्या की मला बरं वाटायचं. हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.

एका सकाळी नवरा सायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता दबक्या आवाजात म्हणाला, “तू आईला जा म्हणालीस?”

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं ते असं. आदल्या दिवशी दुपारी चहा घेताना सासूबाई मला म्हणाल्या होत्या की माझी इथे तुला अडचणच होत असेल, मी आपली लवकर परत जावं म्हणते. त्यावर मी मान हलवत “जा, जा” म्हणाले होते. तेही हसून.

मी तसं म्हणाले असणार यात मला शंकाच नव्हती. समोर गृहपाठाची वही होती, डोक्यात क्रियापदं होती आणि क्लासमध्ये प्रत्येक गोष्टीला ‘जा’ म्हणायची सवय लागली होती. जर्मनमध्ये जा म्हणजे हो. कुणी बोलत असलं की मध्ये मध्ये जा, जा म्हणत राहायचं, म्हणजे आपण ऐकतोय असं समोरच्याला वाटतं. मी फक्त ऐकत होते. ऐकतही नव्हते, हे आता लक्षात येत होतं.

“मग जा म्हणजे काय ते तू त्यांना सांगितलं नाहीस का?” मी विचारलं.

“तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटणार बायकोची बाजू घेतोय.” मग तो म्हणाला की तिने तिकीट आधीचं करून घ्यायला सांगितलंय, आणि संध्याकाळी आल्यावर तो फ्रँकफुर्टच्या एजंटला फोन करणार आहे. “तोपर्यंत बघ,” असं म्हणून तो गेला.

मी बाथरूममध्ये जाऊन भांगासमोर वाक्याची तयारी केली. ‘आई, तुम्ही जाऊ नका.’ हे हिंदी सिनेमातल्यासारखं वाटलं. ‘आई, तुम्ही अजून राहावे.’ हे सोसायटीच्या नोटीसबोर्डावरचं वाटलं. शेवटी ‘ना’ लावून बघितलं, तर मला स्वतःलाच किरकिर ऐकू आली. बाहेर आले तेव्हा सासूबाई शांतपणे बटाटे सोलत होत्या. कुकरलाही काही बोलत नव्हत्या. मी म्हणाले, “मी जरा जाऊन येते.” त्या म्हणाल्या, “ये.”

अशा रीतीने मी बोलायचं सोडून बाजारात पळाले. पळायला कारण हवं म्हणून पिशवीत ती लांब पँट घातली. गावातल्या मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यापाशी एक पाटी होती. ती मी बरेच दिवस बघून ठेवली होती: तिसरा मजला, कुर्त्सवारेन. कुर्त्स म्हणजे आखूड आणि वारेन म्हणजे माल, इतकं मला क्लासमुळे येत होतं. म्हणजे आखूड लोकांसाठीचा माल. किती विचारी देश आहे, असं मला ती पाटी दिसली की दर वेळी वाटायचं. एक अख्खा विभाग आमच्यासाठी.

तिसऱ्या मजल्यावर दोऱ्याची रिळं होती. बटणं होती, चेन होत्या, लेस होत्या. आखूड पँटी यांच्या मागे असतील म्हणून मी चेनच्या स्टँडमागे जाऊन बघितलं, तर तिथे लोकर होती. तेवढ्यात विक्रेत्या बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात मोजपट्टी. मी जिन्यात पाठ केलेलं वाक्य म्हणाले, “इश बिन कुर्त्स.” मी आखूड आहे.

त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. फार वेळ लागला नाही. माणसाला कुर्त्स म्हणत नाहीत, ते फक्त कापडाला, केसांना आणि उत्तरांना म्हणतात, हे मला पुढे क्लासमध्ये कळलं. कुर्त्सवारेन म्हणजे सुई-दोऱ्याचं किरकोळ सामान, हे मात्र तिथेच समोर दिसत होतं. मी घाईने पिशवीतून पँट काढून दाखवली. बाईंचा चेहरा उजळला. मी पँट आखूड करायला निघाले आहे असं त्यांना वाटलं, आणि त्या एकेक वस्तू काढून मला तिचा उपयोग समजावू लागल्या. मी प्रत्येक वस्तूला “जा” म्हणत होते. दोनदा जा झालं की मध्ये एक “गेनाऊ”, म्हणजे अगदी बरोबर. आमच्या शिक्षिकेने सांगितलं होतं की गेनाऊ म्हटलं की आपल्याला रस आहे असं दिसतं. रस आहे असं दिसलं की लोक वस्तू बांधून देतात, हे सांगितलं नव्हतं.

भरलेली पिशवी घेऊन मी घरी आले आणि काय बोलावं ते न सुचल्याने ती जेवणाच्या टेबलावर ओतली.

सासूबाईंनी चष्मा लावला. “हे गं काय?”

“शिवणाचं.”

“कुणाच्या?”

“पँटच्या.”

त्यांनी पँटकडे बघितलं आणि ढिगाकडे बघितलं. एका पँटला एवढ्या वस्तू लागत असतील तर जर्मन लोक शर्ट कधी घालतात, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. पण त्यांचा हात ढिगात गेला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही मिळालं नव्हतं. त्यांनी तुर्की दुकानातल्या दह्याच्या तीन रिकाम्या बादल्या मांडल्या: पास, नापास आणि एटीकेटी. मग पदर खोचून म्हणाल्या, “हं, एकेकाला बोलाव.”

पहिलं आलं अंगुस्तान, बोटात घालायची धातूची टोपी. ते त्यांच्या बोटातून पडलं, माझ्याही पडलं, आणि अंगठ्यात घातल्यावर अंगठ्यातूनही पडलं. नापास म्हणून बादलीत टाकता टाकता त्या थांबल्या आणि त्यात मेथीदाणे भरून बघितले. लोणच्याच्या मसाल्याला ते माप बरोबर होतं. विषय बदलून पास.

मग एक लाकडी अळंबी निघाली, गुळगुळीत, दांड्याची. पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाव मी खिशातल्या डिक्शनरीत बघितलं. पहिल्या शब्दाचे अर्थ होते भरणे, कोंबणे, बद्धकोष्ठ करणे. दुसऱ्याचा अर्थ अळंबी. मी भरायची अळंबी असं भाषांतर केलं. सासूबाईंना वाटलं, भरल्या वांग्यांसारखं. त्या अळंबी खात नाहीत, पण लाकडी असल्यामुळे हिला हरकत नाही म्हणाल्या. फाटक्या मोज्यात घालून वरून रफू करायची ती वस्तू, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी ती उकडलेल्या बटाट्यांवर चालवून बघितली आणि इतक्या खूश झाल्या की पावभाजीचा बेत ठरला. पास, तोही विशेष प्रावीण्यासह.

टाचण्या गोळा करायच्या चुंबकाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी टाचण्या टेबलभर उधळल्या. चुंबकाने टाचण्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो थेट त्यांच्या बांगडीला लटकवलेल्या सेफ्टी पिनांच्या झुबक्याला जाऊन चिकटला. त्या हात ओढायला लागल्या, चुंबक सुटेना, आणि मी त्यांचं मनगट धरून दुसऱ्या बाजूने ओढत होते. सुटला तेव्हा आम्ही दोघी दोन खुर्च्यांवर मागे आदळलो. त्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलं आणि म्हणाले, “एटीकेटी?”

“एटीकेटी,” त्या म्हणाल्या.

कापडावर खुणा करायच्या जर्मन खडूची गाठ त्यांच्या साबणाच्या चिपटीशी पडली. अंघोळीच्या साबणाची शेवटची पातळ चिपटी त्या खिडकीत कागदात गुंडाळून वाळवत ठेवायच्या. ती का, हे मला आजवर विचारता आलं नव्हतं. तिनेच खुणा करायच्या असतात. साबण जिंकला, कारण त्याची रेघ बारीक येते, धुतली की जाते आणि चंदनाचा वास येतो. खडूने फक्त त्यांचा चष्मा निळा केला.

मग एक लांब, बोथट, मोठ्या भोकाची सुई आली. सासूबाईंनी पाकिटावरचं नाव अक्षर लावून वाचलं. शेवट ‘नाडेल’ असा होता. “नाडी,” त्या म्हणाल्या. “बघ, यांच्यातही नाडीच म्हणतात.” नाडेल म्हणजे सुई. पण ती वस्तू खरोखरच नाडी ओवायची होती, तेव्हा दुरुस्त काय करणार? आमच्या वॉशिंग मशीनने त्यांच्या परकराची नाडी आदल्याच आठवड्यात गिळली होती, आणि जर्मन टूथब्रशच्या शेपटीला भोक नसल्यामुळे ती ओवायची राहिली होती. आता नाडी अशी सरसर बाहेर आली की त्यांनी ती मुद्दाम परत काढली आणि पुन्हा ओवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या की बरं झालं, आता जाताना हा परकर बॅगेत भरता येईल.

खोलीत गारठा आला. बाहेर अंधारायला लागलं होतं. नवरा यायला फार वेळ नव्हता. मी पुन्हा वाक्य जुळवायला लागले आणि त्या पँट उचलून म्हणाल्या, “चल, ही तरी उरकून टाकू. किती ठेवायची सांग.”

मला नीट बसणारी जुनी पँट आम्ही टेबलावर पसरली. नवीन मोजपट्टी हातात घेऊन सासूबाई तिची उलटी बाजू बघत बसल्या. त्यांचा जन्म इंचांत गेला होता आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरच होते. दोन्हीकडे तेच लिहायचं तर दुसरी बाजू ठेवलीच कशाला, असं म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी मोजलं. एटी-नाइन. आता हे मराठीत सांगायचं होतं.

आकडे हा माझा जुना घाबरायचा विषय. पण त्याच आठवड्यात क्लासमध्ये जर्मन आकडे झाले होते. ते लोक आधी नऊ म्हणतात आणि मग ऐंशी. नऊ-आणि-ऐंशी. वर्गातले बाकीचे लोक या उलट्या पद्धतीने घामाघूम झाले होते, आणि मला एकटीला वाटलं होतं, अरे, हे तर आपल्या मराठीसारखंच आहे. बत्तीस म्हणजे दोन आणि तीस, अठ्ठेचाळीस म्हणजे आठ आणि चाळीस. तेव्हा नऊ आणि ऐंशी काय होईल, हे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा अडखळल्याशिवाय सांगितलं.

“एकोणऐंशी.”

“एकोणऐंशी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरीच बुटकी आहेस गं.”

त्यांनी पट्टी घेऊन नवीन पँटवर तेवढं मोजलं आणि साबणाने रेघ मारली. मग ढिगातली शेवटची वस्तू हातात घेतली. दांड्याला धारदार चाक, कापड कापायचं. ते हातात घेताक्षणी त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. “हे तर कातणं,” त्या म्हणाल्या. करंज्यांच्या कडा कापायचं कातणं त्यांनी आयुष्यभर चालवलं होतं. त्यांनी पोळपाट आणला, त्यावर पँटचा एक पाय पसरला, दोन्ही कोपरं टेकवली आणि करंजी कापावी तसं चाक सुळकन पलीकडे नेलं. पाय तुटून बाजूला पडला. तो उचलून मी अंगाशी लावून बघितला आणि मग पँट लावून बघितली. ती माझ्या पोटरीच्या मध्यावर संपत होती. इतक्यात त्यांनी पँट माझ्याकडून ओढून घेतली, दुसरा पाय पोळपाटावर चढवला आणि चाक कडेला टेकवलं.

“थांबा,” मी ओरडले.

माझा आवाज इतका मोठा निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. फ्रिजसुद्धा बंद पडला. सासूबाई तशाच वाकलेल्या राहिल्या, कातणं हातात. वळून न बघताच म्हणाल्या, “कुणी थांबायचं? मी, का याने?”

मी म्हणाले, “दोन्ही.”

“म्हणजे?”

“कातणं आत्ता. तुम्ही पुढे.” व्याकरण कसंही होत होतं, पण गाडी सुटली होती. “तिकीट आहे ना, तेवढे सगळे दिवस. तुम्ही गेलात की इथे फक्त फ्रिज बोलतो.”

त्यांनी कातणं खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आणि काल जा म्हणालीस ते?”

“ते जर्मन होतं.”

“जर्मनमध्ये जा म्हणजे काय?”

“हो.”

“हो काय? काय म्हणतात ते विचारतेय.”

“तेच. जा म्हणजे हो.”

त्यांनी निळा झालेला चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी पोस्टमनला जा जा म्हणत होतीस, त्याला हाकलत नव्हतीस?”

“नाही.”

“आणि मी मनात म्हणत होते, बोलत नाही पण पोरगी तोंडाची फटकळ दिसते.” त्यांनी पँटचा उरलेला तुकडा हातात घेतला, ताणून बघितला. “थांबा एवढंच म्हणायचं होतं, तर त्यासाठी चांगली पँट कापायला लावलीस?”

मग मी मोजपट्टीवर एटी-नाइन दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. अशी किती मुलं त्यांनी साताऱ्यात पाहिली असतील, पण घरात निघेल असं त्यांना वाटलं नसावं. एकोण म्हणजे एक कमी, त्या म्हणाल्या, ऐंशीला एक कमी. तुला हवं होतं ते एकोणनव्वद. मग विचारलं, “पाढे कुणी शिकवले तुला?”

“इंग्लिशमध्ये शिकले.”

“तरीच.”

नवरा आला तेव्हा टेबलावर एका पायाने आखूड पँट, तीन बादल्या, उकडलेले बटाटे आणि चंदनाचा वास होता. तो काही न विचारता फोनकडे गेला. सासूबाईंनी त्याला वाटेतच अडवलं. फोन राहू दे, त्या म्हणाल्या, हिची एक तंगडी अजून व्हायची आहे. आणि आकडे तर एकोणतीसपासून सगळे व्हायचे आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं. मी अळंबीने बटाटे कुटत होते.

तुटलेला तुकडा इस्त्रीने चिकटणाऱ्या पट्टीने परत जोडायचा प्रयत्न आम्ही दुसऱ्या दिवशी केला. पट्टी पँटला सोडून इस्त्रीला चिकटली. ती नापास. म्हणजे आता दुसरा पायही पहिल्याएवढा करणं एवढंच उरलं होतं. पाच मिनिटांचं काम. पण मी पँट पुढे केली की सासूबाई म्हणायच्या, करू गं, घाई काय आहे. मीही घाई करत नव्हते. पँट खुर्चीच्या पाठीवर तशीच टांगलेली असायची, एक पाय वर आणि एक पाय खाली, आणि जातायेता मला एकोणसाठ म्हणजे किती, एकोणसत्तर म्हणजे किती, असे प्रश्न त्या घालायच्या. कुकरला पुन्हा बोलणी बसायला लागली.

त्यांच्या बॅगा भरून झाल्या त्या दुपारी त्यांनी पोळपाट मागितला. साबणाची नवीन चिपटी काढली. मी मोजलं, त्यांनी रेघ मारली आणि करंजी कापावी तसं चाक सुळकन पलीकडे नेलं. मी पँट घालून बघितली. दोन्ही पाय पोटरीच्या मध्यावर, अगदी सारखे. सायकलच्या चेनला आता माझ्यात काही रस उरला नव्हता.

“एकोणऐंशी. बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

जिभेच्या टोकावर जा आलं होतं. त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, म्हणून मी हो म्हणाले.